दहापैकी किती?

दुखणं चारचौघांत उगाळू नये म्हणतात. पण जळगावला नसांच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला त्याच बाकावर तीन-तीन तास बसल्यावर माणूस दुसरं बोलणार तरी काय? पाच वर्षांत इतकं साचलंय की आता सांगून टाकलेलं बरं. मी पहूरचा, एसटीतला रिटायर कंडक्टर. बरगडीवर नागीण उठली, ती सुकली आणि आग तेवढी मागे ठेवून गेली. बाकावर आम्ही चौघं. नाव मीच ठेवलं, मुंग्या मंडळ! कुणाच्या पायाला मुंग्या, कुणाच्या हाताला, कॅप्सूल मात्र सगळ्यांना एकच.

*

आत गेलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "दुखणं दहापैकी किती?" त्या आकड्यावर डोस ठरायचा. अमळनेरकडच्या अक्का पहिल्या खेपेला त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "दहा काय नि वीस काय भाऊ, बठ्ठा पाय आगच शे!"

अख्खा पायच आग म्हटल्यावर डॉक्टरांनी निमूट दहा लिहिलं.

*

मला कॅप्सूलने आराम पडला, पण गुंगी अशी की विचारू नका. पहिल्याच आठवड्यात जळगावहून घरी निघालो, बसमध्ये डोळा लागला आणि जाग आली ती थेट पहूरच्या पुढे, फर्दापूरला. कंडक्टर पोरगा म्हणतो, काका, पुढचं तिकीट काढा! तीस वर्षं मी लोकांना खांदा हलवून उठवलं, स्टॉप आला म्हणून. त्या दिवशी मला उठवायला कुणी नव्हतं. हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

*

अक्कांना चार दिवसांत गुण आला. मग काय, संक्रांतीचं वाण लुटावं तशा त्यांनी आपल्या कॅप्सूल बोदवडच्या नानांना देऊन टाकल्या. नाना कपाशीवाले, माळकरी माणूस. त्यांचा डोस लहान, ह्या मोठ्या. दोन एकदम घेतल्या आणि अंगणात झोकांड्या खायला लागले. सुनेने जवळ येऊन तोंडाचा वास घेतला!

पुढच्या महिन्यात नाना हे सांगताना स्वतःच हसत होते, आम्हीही हसलो. मग ते एकदम थांबले आणि उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "वास घेतला हो तिनं."

डॉक्टरांनी दोघांना झापलं, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही म्हणून. नानांना पुढेही ती कॅप्सूल लागू पडलीच नाही. पाय सुजले, चप्पल चढेना. शेवटी गोळी बदलली.

*

चौथे रफिकभाई, जळगावातलेच टेलर. शुगरने पायांच्या नसा गेलेल्या. डोस वाढला की त्यांची नजर धूसर व्हायची, काज वाकडं जायचं. चाळीस वर्षांत ज्याचं काज वाकडं गेलं नाही, त्याला ते कसं सोसावं? म्हणून डॉक्टरांनी किती विचारलं की हे ठोकून द्यायचे, पाच.

शेजारच्या स्टुलावर त्यांच्या पत्नी हमीदाभाभी बसलेल्या असायच्या. त्या शांतपणे म्हणायच्या, "खोटं बोलतात. आठ लिहा. पायाला चादर लागली तरी विव्हळतात."

डॉक्टर आठ लिहायचे. रफिकभाई रागाने बाहेर यायचे, भाभी मागून त्यांची काठी घेऊन. दर महिन्याला हेच! आम्ही बाकावरून आधीच म्हणून ठेवायचो, आत जाताना पाच, बाहेर येताना आठ.

गेल्या थंडीत भाभी गेल्या. चार दिवसांचा ताप, तेवढंच निमित्त झालं. रफिकभाई दोन महिने दवाखान्याकडे फिरकले नाहीत. औषधही सोडलं होतं. शेवटी मीच दुकानात जाऊन त्यांना घेऊन आलो. पाय टेकवत नव्हता, तरी रिक्षातून उतरताना हात धरू देईनात.

आत गेलो. स्टूल रिकामं होतं. मी बसलो नाही, भिंतीला टेकून उभा राहिलो.

डॉक्टरांनी पेन उघडलं. "रफिकभाई, दहापैकी किती?"

"पाच."

डॉक्टरांनी लिहिलं नाही. रफिकभाईंनी सवयीने स्टुलाकडे मान वळवली आणि तशीच ठेवली. बाहेर कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता.

मग ते स्टुलाकडे बघतच म्हणाले, "आठ लिहा, डॉक्टरसाहेब. ती आठच म्हणते."