अंकुशकाकांचा नऊ लिटरचा डबा

आमचे अंकुशकाका कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावून बघतात. फ्रिज असो, विहिरीवरची मोटार असो, शेजाऱ्याची नवी बाइक असो. जगाला ताप आहे की नाही, एवढीच त्यांना काळजी. मग नाकातून, शेवटचा शब्द ताणून, ठरलेलं वाक्य येतं: "गरम लागून राह्यलं बा थोडंसं."

आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारी घरं आहेत, त्यातलं एक आमचं. ओसरीवर दोन माग आहेत. काका विणत नाहीत, काठ-पदराची नक्षी काढतात. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे. डोळे थकले तसे कॉम्प्युटर शिकले. पण भंडाऱ्याचे भैय्याजी, जे आमच्या दोन्ही मागांच्या साड्या घेतात, ते लॅपटॉपवर पदर बघून होकार देणाऱ्यातले नाहीत. भैय्याजी सावकाश बोलतात, प्रत्येक शब्द तोंडात सुपारीसारखा फिरवून. "अंकुशराव, पदर पदराएवढा दिसला पायजे. पाटीएवढा नाई."

काकांच्या जुन्या लॅपटॉपला मोठा टीव्ही पेलेना. म्हणून त्यांनी ठरवलं, स्कूटरवर पायांपाशी मावेल असा छोटा कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतःच बांधायचा आणि भैय्याजींच्या दुकानातल्या मोठ्या टीव्हीला जोडायचा.

भंडाऱ्यात कुलदीपचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कुलदीप बोलतो तेव्हा वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू झालेलं असतं. "काकाजी टेन्शन नका घेऊ, हा सात लिटर, हा नऊ, हा तेरा, बोला कोनता पॅक करू."

कुसुमकाकू सोबत होत्या. "काहून जी, कुकर घेऊन राह्यले का?"

"काकू, छोट्या डब्याचं माप लिटरमधेच असते."

"मंग वरण किती जनायचं होईन, थे बी सांग."

काका हसले नाहीत. सात लिटरच्या डब्यात त्यांनी हात घातला, तो मनगटाशी अडकला, आणि त्यांचा चेहरा असा झाला जणू आत तेच अडकले आहेत. तेरा लिटरचा स्कूटरवर बसेना. राहिला नऊ. मग प्रोसेसरवर बसणारा पंखा निवडायची पाळी आली. काकांनी दुकानातला सगळ्यात उंच उचलला. जेवढा उंच तेवढा थंड, असा त्यांचा हिशेब. कुलदीप फोनवर बोलता बोलता म्हणाला, "उंच नाई बसनार काकाजी." काकांना वाटलं, तो फोनवाल्याला सांगतोय. घरी आल्यावर झाकण लागेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा भंडारा.

"बुटका घेऊन जा," कुलदीप म्हणाला. "पन बुटक्याचं कसं हाय, वरची जाळी मोकळी ठेवाची. खालून थंडी हवा घेते, गरम हवा वरून निघते. जाळी मोकळी ठेवजा, बस."

काका हो म्हणाले. पण घरी दोन माग चालतात. कोशाचा बारीक भुगा हवेत सारखा तरंगत असतो, पाणी प्यायलं तरी जिभेवर येतो. काका डब्यासमोर बसले आणि विचार करू लागले. "नाकात जाते, त पंख्यात नाई जाईन का?" खालच्या जाळीवर त्यांनी विरळ कापड ताणून बसवलं, आणि बाकीच्या साऱ्या भोकांवर, वरच्या जाळीसकट, चिकटपट्टी लावून टाकली. इतकी नीट, की चारी कोपरे नखाने दाबले.

भैय्याजींच्या दुकानात टीव्हीवर करवती काठ उमटला, खालून पदर यायला लागला, अर्ध्यात आला, आणि पडदा काळा पडला. समोर लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं. काकांनी डब्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला. या वेळी वाक्य म्हणायची गरज पडली नाही.

भैय्याजी काही लागट बोलले नाहीत. तेच तर वाईट. "होते असं. गुरुवारी मी साड्या उचलाले येतोच आंधळगावले. तवा दाखवा. नाई जमलं त..." सुपारी इकडून तिकडे गेली. "नागपूरचा एक पोरगा हाय. थो मोबाइलवर नक्षी धाडते, मी टीव्हीवर लावून पायतो. मंग पुढच्या सीझनले तुमी विनाचं काम तेवढं पाहा."

घरी येईपर्यंत काका एवढंच म्हणत होते, "विनाचं काम तेवढं." नक्षी गेली तर काका काय करणार, हे कोणी विचारलं नाही. विणता त्यांना येत नाही.

मग त्या डब्याची शुश्रूषा सुरू झाली. काकांनी आणखी एक पंखा आणून खालीच लावला, तोही हवा आत ढकलणारा. तरी काळा पडदा. डबा कूलरच्या तोंडासमोर ठेवला, तर त्यावर पाण्याचे तुषार बसले. काकूंनी पदराने पुसला. "न्युमोनिया होईन त्याले." काकांचं जेवण कमी झालं. घास हातात, कान डब्याकडे. पंख्याचा आवाज चढला की यांचाही श्वास चढायचा.

बुधवारी दुपारी गरम वाऱ्याची लू सुटली होती. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि काकूंनी धूळ येते म्हणून मागचं दार लावून घेतलं. काका ओसरीवरून ओरडणार हे साऱ्या घराला पाठ होतं, कारण उन्हाळाभर ते हेच करतात. पण त्या दिवशी ते गप्प होते, डब्याकडे बघत. काकूंना ती शांतता सोसेना. त्यांनी नाकातून काकांचा आवाज काढला, शेवटचा शब्द ताणला, आणि मला कबूल करायला हवं, माझ्यापेक्षा चांगला काढला:

"मागचं दार लावू नका बा. कूलर हवा आत ढकलून राह्यला. दार लावलं त थे जाईन कोनीकडून?"

आम्ही हसलो. काका नाही हसले. ते मागच्या दाराकडे पाहत राहिले, मग डब्याकडे, मग पुन्हा दाराकडे. "काय म्हनलं व कुसुम?"

"मी काई नाई म्हनलं. तुमी म्हनता."

काकांनी नखाने वरच्या जाळीवरच्या पट्टीचा कोपरा उचलला. त्यांनीच दाबलेला, सहजासहजी निघेना. नवा पंखा काढून वर लावला, या वेळी उलटा, हवा बाहेर फेकणारा. चालू केलं. जाळीवर हात धरला. चुलीच्या तोंडाशी येतो तसा झोत आला. "गरम लागून राह्यलं," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तक्रारीसारखं वाटलं नाही. पण विश्वास कुठला? रात्री दोनदा उठून त्यांनी हात लावून पाहिला, हे काकूंनी सकाळी सांगितलं.

गुरुवारी भैय्याजी भर उन्हात आले. डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळलेला. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, दुपट्टा सोडला, आणि बाजूच्या स्टुलावर टाकला. स्टुलावर डबा होता. दुपट्टा बरोबर वरच्या जाळीवर पसरला.

घरच्या टीव्हीवर करवती काठ उमटला.

काका भैय्याजींसमोर कधी खुर्चीवर बसत नाहीत. त्यांचं वाक्य तोडणं तर दूरच. भैय्याजी काठाबद्दल बोलत होते, संथ, सुपारी फिरवत. पंख्याचा आवाज चढला. काकू स्वयंपाकघराच्या दारात हातात बशी धरून उभ्या. पदर खालून अर्धा वर आला. दुकानात इथंच थांबला होता.

"भैय्याजी," काका म्हणाले. "दुपट्टा उचला जी."

भैय्याजी थांबले. "काहून? देव बसवला का खाली?"

"देव नाई जी. त्याचा दम कोंडून राह्यला."

भैय्याजींनी काकांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि दुपट्टा उचलून मांडीवर घेतला. दुपट्टा गरम झाला होता, तो त्यांनी थोडा वेळ चाचपला. पंख्याचा आवाज हळूहळू खाली उतरला. पदर पूर्ण आला, टीव्हीभर, कोशाच्या पिवळ्या रंगात, आणि तसाच थांबला.

भैय्याजींनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "हे मोराचं पाऊल थोडं बारीक करा," ते म्हणाले. "मंग लावा दोन्ही मागावर."

काकांनी मान हलवली. आनंद वगैरे काही दिसला नाही. ते उठले आणि मागचं दार उघडं आहे का ते पाहून आले.