काळ्या मातीतली कोरफड

तुळसाबाईच्या हाताला गुण होता. तिने खोचलेली वाळकी काडीसुद्धा पालवायची, असं फुलसावंगीत तिची सगळी आळी म्हणायची. या गुणाचा तिला गर्व होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, तांड्यावरची मानीबाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघाली. दोघी मैत्रिणी. एकाच शेतात कापूस वेचायच्या, एकाच बांधावर भाकर सोडायच्या. जाताना मानीबाईने फुटक्या डब्यात, मुरमात लावलेली कोरफड आणली. मळकट हिरवी, अंग आखडून बसलेली.

"माझ्या याडीच्या हातची हाय," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. ती आता नव्हती. "उन्हाळ्यात माझ्या बबिताचं लगन. हिचं पिल्लू पोरीसंग द्यायचं हाय. फक्त पाणी घालू नको."

"काहून वं?"

"तिले नाही लागत."

"जा तू बिनघोर. वापस येशील तं वळखणार नाही, अशी करतो."

तुळसाबाई हसली, पण मनात म्हणाली, बिचारी. तांड्यावर प्यायचं पाणी दुरून आणावं लागतं, ही झाडाला कुठून घालणार? आपल्या तर दारातच हापशी आहे.

दुसऱ्याच दिवशी तिने मुरूम उकिरड्यावर फेकला आणि डबा घरामागे भिरकावला. नवी कुंडी घेतली. शेतातली काळी माती आणली. आमच्या मुलखाचा सारा कापूस जिच्यावर उभा राहतो, ओली झाली की पायातली चप्पल सोडत नाही, ती माती. वर शेणखत. रोज सकाळी तांब्याभर पाणी.

कोरफड फुगली. पानं तुकतुकीत झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुळसाबाई बोलावून दाखवू लागली.

शेजारचे पंजाबराव म्हणाले, "वहिनी, झाड हाय का म्हैस? धार काढून राह्यल्या का काय?"

"नजर नका लावू, भाऊजी."

थंडीत खालची पानं पिवळी पडली. तहानली असेल, म्हणून तिने पाणी वाढवलं. मग एका सकाळी नुसता हात लावला, तर अख्खं झाड हातात आलं. बुडाशी चिखल आणि कुजका वास. काळ्या मातीने पाणी पोटात धरून ठेवलं होतं, सोडलं नव्हतं.

तुळसाबाई तिथेच बसली. झाड गेल्याचं दुःख होतंच. पण मनातली ती 'बिचारी' आता तिला चावत होती.

चिखलात बोटाएवढं एक पिल्लू सापडलं. तिने ते सावलीत सुकवलं. घरामागून तोच फुटका डबा शोधून आणला, तांड्याच्या वाटेवरचा मुरूम आणून त्यात लावलं. पाण्याला मात्र हात लावला नाही.

"म्हैस कुठं गेली, वहिनी?" पंजाबरावांनी विचारलं. ती घरात गेली.

होळीला तांडा परतला. उन्हाने रापलेली मानीबाई दारात आली आणि तिने पदरातून गुळाचा खडा काढून तुळसाबाईच्या हातावर ठेवला. "घे वं. माझ्या याडीले सांभाळलं तू."

तुळसाबाईची मान वर होईना. "मारलं मी तिले. पाणी घालून मारलं. मले वाटलं, तुमच्याकडं पाणी नाही म्हणून तू तसं म्हणत असशील."

मानीबाईने दारातल्या हापशीकडे पाहिलं.

"पाणी नाही, हे खरंच हाय," ती म्हणाली. "पण झाडाचंही मी खरंच सांगितलं होतं."

मग ती डब्याशी उकिडवी बसली. पिल्लू सुतळीसारखं बारीक झालं होतं, पानं आत वळली होती.

"याले पाणी कधी घातलं?"

"नाही घातलं. हिंमत नाही झाली."

"हे तं तहानेनं मरून राह्यलं वं! मोठ्या झाडाले नाही लागत, पिल्लाले घोटभर लागते. आण तांब्या."

तुळसाबाईने आणला आणि तिच्यापुढे धरला. मानीबाईने घेतला नाही.

"तूच घाल."

सगळ्या आळीत नावाजलेल्या त्या हाताने तांब्या जेमतेम कलता केला. धार मुरमात पडली, पडली तशी जिरली.

"बस," मानीबाई म्हणाली. तुळसाबाईने तांब्या त्याआधीच उचलून घेतला होता. दुसऱ्या मुठीत गूळ पाघळत होता. तो तिला खालीही ठेवता येईना आणि तोंडातही घालता येईना.