फक्त डावीकडे वळणाऱ्या गाड्या

नवऱ्याच्या छंदाच्या जागी आपण जायचं नसतं, असं माझं इतकी वर्षं ठाम मत होतं. त्याने आपला चिखल आपल्याजवळ ठेवावा, मी माझी पुस्तकं माझ्याजवळ. शुक्रवारी मुक्ताचा कार्डिफहून फोन आला आणि हे मत मला मोडावं लागलं.

"आई, बाबा तिकडे गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी होतोय, तुला माहीत आहे? मग बंगल्याचं काय? माझं सगळं प्लॅनिंग त्या बंगल्यावर आहे!"

मला माहीत नव्हतं. म्हणजे लेकीला सांगितलं आणि बायकोला नाही.

माझे यजमान अरविंद निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. आयुष्यभर लेस्टरच्या हॉस्पिटलात माणसांना झोपवलं, आणि वीसेक वर्षं उन्हाळ्यातल्या रविवारी हेरफर्डशरमधल्या एका शेतात हातभर लांबीच्या रिमोटच्या गाड्या पळवल्या. डोक्यावर विमानासारखा मोठा पंख लावलेल्या या गाड्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवर फिरतात. फक्त डावीकडे. उजवं वळण या खेळात नाही. एका दिशेने गोल गोल फिरून माणूस जिथल्या तिथे परत येतो, यासाठी कोणी इतक्या लांब गाडी चालवत जातं, हे मला कधी पटलं नाही.

आता शेताच्या मालकाला पुढच्या तीन वर्षांच्या भाडेकरारावर नवी सही हवी होती, नाहीतर तो तिथे सायडर नावाच्या दारूसाठी लागणारी सफरचंदं लावणार होता. जुना सेक्रेटरी केन थकला होता. सही करायची ती सीझनच्या शेवटच्या रविवारी. आणि कार्डिफमध्ये मुक्ताच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आम्ही पसंत केलेल्या बंगल्याबद्दल एजंटला उत्तर हवं होतं सोमवारी. मुक्ता नर्स आहे. तिच्या शिफ्टा, नवऱ्याचा प्रवास आणि दोन वर्षांची पोरगी, यांत कोणीतरी जवळ असण्याची तिला गरज आहे. कार्डिफहून शेत जवळच पडलं असतं, पण सही करणारा सेक्रेटरी तीन वर्षांच्या भाड्याला स्वतः जामीन राहतो, आणि ते पैसे आमच्या बंगल्याच्या पैशांतूनच जाणार होते.

"मी येतेय," मी जाहीर केलं.

"तुला कंटाळा येईल गं," अरविंद म्हणाले.

"तो मी घरूनच घेऊन येते."

शनिवारी सकाळी निघालो. रस्ता सोपा आहे: लेस्टरहून एम सिक्स्टीनाइन, बर्मिंगहॅमला वळसा, मग एम फाइव्ह आणि शेवटी एम फिफ्टी. हा शेवटचा तुकडा एवढा निवांत आहे की मोटरवेवर आहोत हे विसरायला होतं. दोन्ही बाजूंना सफरचंदांच्या बागा आणि अधूनमधून मेंढ्या. थांबत थांबत अडीच-तीन तास धरा. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये खाऊ नका. गार ब्रेडच्या दोन त्रिकोणांसाठी तिथे जे पैसे मागतात त्यात आमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दोन माणसं पोटभर जेवतात. मी थालीपीठं आणि दही नेलं होतं, आणि ते तिथल्याच टेबलावर बसून खाल्लं. शेजारच्या बाईने वास कशाचा म्हणून विचारलं, तेव्हा तिलाही अर्धं दिलं.

मुक्काम रॉस-ऑन-वायला केला. बी अँड बी शंभर पौंडांच्या आत, नाश्त्यासकट. गाद्या मऊ, जिने अवघड. गुडघे दुखत असतील तर खालची खोली मागून घ्या. चर्चमागच्या बागेतून वाय नदीचं वळण दिसतं, ते मात्र चुकवू नका. संध्याकाळच्या उन्हात नदी नुसती पडून होती. अशा ठिकाणी भांडू नये. मी बाकावर बसून शांतपणे विचारलं.

"अहो, सही करणार आहात?"

"कोणीतरी करायला हवी ना. केन त्या ट्रॅकवर जगतो."

"मी केनचं विचारत नाहीये. तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी बूट काढून पाऊल चोळलं. मग म्हणाले, "खरं सांगू? माझे पाय गार पडतात गं तिथे. दोन मोजे घातले तरी. आणि घरी आल्यावर दोन दिवस पाठ धरलेली असते."

"मग सांगा ना केनला!"

"कसं सांगायचं? एवढी वर्षं तो पहाटे उठून आपल्यासाठी फाटक उघडतोय."

याला आपल्याकडे भीड म्हणतात. भिडेवर मराठीत एक म्हणही आहे. ती आम्हाला कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेली नाही, आणि मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी हसून घ्यावं.

रविवारी सकाळी शेतावर पोचलो. गमबूट न्या, घडीची खुर्ची न्या, टॉयलेट पेपर न्या. बघणाऱ्यांना तिकीट नाही. ठेवलं असतं तरी काढायला तिथे कोणी नव्हतं. पूर्वी रस्त्यापर्यंत गाड्या लागायच्या म्हणे. बर्गरवाला आपण होऊन यायचा, लहानमोठ्या गाड्यांचे वेगवेगळे गट असायचे आणि चार फिरते संडास भाड्याने आणावे लागायचे. आता एकच होता, आणि त्याची कडी तुटलेली. खेळाची प्रकृती कशी आहे हे बघायचं असेल तर आधी संडास बघावेत.

पण तिथली माती! हेरफर्डशरची माती लाल असते, हे मला माहीत होतं. वीस वर्षं ती मी पँटींमधून धुतली आहे. जागेवर बघितली आणि एकदम पांचगणी आठवली. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आमच्या पांढऱ्या मोज्यांना अशीच माती लागायची, आणि सिस्टर ते मोजे सगळ्यांसमोर हातात धरून विचारायच्या, "हे मोजे कोणाचे?" ज्या डागांपासून एवढ्या लांब आले, ते नवऱ्याने दर पंधरवड्याला घरी आणून दिले.

केनची बायको मॉरीन चहाच्या टपरीत होती. लांबलचक हेलाच्या इंग्रजीतलं तिचं बोलणं मी मराठीत देते. माझ्याकडे एकदा बघून तिने नारिंगी जाकीट पुढे केलं.

"तुझं नाव काय, बाई? घाल हे. तू तिसरं वळण."

"मी फक्त बघायला आले आहे."

"इथे बघायला कोणीच येत नाही," मॉरीन म्हणाली.

भानगड अशी. गाडी उलटली तर ती सरळ करायला प्रत्येक वळणावर एक माणूस लागतो. त्याला मार्शल म्हणतात. मार्शल नसेल तर शर्यत सुरू करायची नाही, हा नियम. रिवाज असा की आधीच्या शर्यतीत ज्याने गाडी पळवली त्याने पुढच्या शर्यतीत मार्शल व्हायचं. पण आता सगळे मिळून एकाच शर्यतीपुरते उरले होते. सगळे मचाणावर रिमोट घेऊन उभे, मग वळणावर कोण? बायका. मी संतापाने जाकीट घातलं. माझ्या मापाचं नव्हतंच.

गाड्या सुटल्या. पाच-सहा मिक्सर एकदम लावावेत तसा आवाज. वळणावर त्यांचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं आणि मातीचा फवारा उडतो, तो थेट मार्शलच्या तोंडावर. तिसऱ्या की चौथ्या फेरीत एक निळी गाडी माझ्यासमोर येऊन उताणी पडली, चाकं आकाशात फिरवत.

"मार्शल!" मचाणावरून कोणीतरी ओरडलं.

माझा नवरा होता. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला नाही.

मी तरातरा निघाले, तर पुन्हा तोच आवाज, या वेळी मराठीत: "अगं, आधी बघ! गाड्या येताहेत!"

मी थांबले. दोन गाड्या माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावरून गेल्या. मग निळी गाडी उचलली, सरळ केली, आणि ती माझ्या हातातूनच सुसाट सुटली. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला मजा आली. हे अरविंदना अजून सांगितलेलं नाही. ते हा ब्लॉग वाचतात, तेव्हा आता कळेल.

शर्यतींच्या मध्ये ट्रॅकवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, बॅटऱ्या चार्ज करायच्या, म्हणून भरपूर रिकामा वेळ असतो. त्या वेळात लोक मार्शलशी बोलतात. पहिला आला बॅरी, निवृत्त प्लंबर, मोठं पोट, त्याहून मोठं मन. "पोरं आता स्क्रीनवर गाड्या पळवतात," तो म्हणाला. "ज्यांना खऱ्या हव्यात ते हॉलमध्ये कार्पेटवर पळवतात. तिथे हीटर असतो. रोलर नाही, चिखल नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीही तिकडेच गेलो असतो. पण डॉक्टर एवढ्या लांबून येतात. त्यांना कसं सोडायचं?"

दुसरी मॉरीन. माझ्या हातात चहा देत म्हणाली, "केन हे सगळं उद्या सोडून देईल गं. पहाटे उठताना त्याच्या तोंडून जे शब्द निघतात ते चर्चमध्ये सांगता येणार नाहीत. पण बॅरीची बायको गेली, त्याला दुसरं आहे काय? आणि तुझा डॉक्टर! त्याचं मन मोडेल."

मी चहाचा कप तसाच हातात धरून उभी राहिले. अरविंद केनसाठी येत होते, केन बॅरीसाठी आणि अरविंदसाठी, बॅरी अरविंदसाठी. स्वतःसाठी कोणीच नाही. एकमेकांच्या शेपट्या धरून सगळे डावीकडे वळत होते.

शेवटची शर्यत गॅरेथने जिंकली. चाळिशीचा गॅरेथ हा क्लबमधला सर्वात तरुण. अरविंद शेवटून पहिले. मग सगळे टपरीत जमले. मॉरीनने केक कापला. केन उभा राहिला, घसा खाकरला.

"तर सहीचं. माझ्याने आता होणार नाही. कोणी तयार असेल तर ठीक, नाहीतर..." त्याने वाक्य तिथेच ठेवलं.

किटली शिट्टी मारत होती. आणि मी बघितलं, अरविंदचा उजवा हात मांडीवरून हळूहळू वर निघाला होता. कार्डिफचा बंगला त्या हाताबरोबर वर चालला होता.

"अहो, हात खाली!" मी म्हणाले.

मराठीत म्हणाले, पण सुराला भाषांतर लागत नाही. सगळे माझ्याकडे वळले.

"काय म्हणाली ती?" केनने विचारलं.

मग मी उठले. ते ढगळ नारिंगी जाकीट तसंच अंगात होतं. रात्री अंथरुणात एक भाषण जुळवलं होतं, मुद्देसूद. त्यातलं काही आठवेना. मी नुसतं सांगून टाकलं. "माझ्या नवऱ्याचे पाय इथे गार पडतात. तो तुझ्यासाठी येतो, केन. तू बॅरीसाठी आणि त्याच्यासाठी उठतोस. बॅरीला हीटरच्या हॉलमध्ये जायचंय, तो माझ्या नवऱ्यासाठी थांबलाय. हे मला तुम्ही सगळ्यांनी विश्वासाने सांगितलं आणि मी ते फोडलंय. क्षमा करा. पण ज्याला स्वतःला पुढच्या वर्षी इथे यायचंय त्यानेच हात वर करावा."

केन अरविंदकडे वळला.

"डॉक, खरं आहे?"

"पाय? हो," अरविंद म्हणाले. "बरीच वर्षं."

"आणि मी गाढवासारखा तुझ्यासाठी पहाटे फाटक उघडतोय!"

"मी तरी कशासाठी येतोय? तू उघडतोस म्हणून!"

आधी मॉरीन हसली. मग बॅरी इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग केनने हातातली टोपी टेबलावर टाकली आणि खुर्चीत असा बसला, जसं कोणी पाठीवरचं पोतं उतरवून बसतं. अरविंदचे दोन्ही हात मांडीवर होते.

एक हात मात्र वर होता. गॅरेथचा.

त्याची गाडी मूळ त्याच्या वडिलांची. हा ट्रॅकही वडिलांनी आणि केनने मिळून आखलेला. हसणं थांबलं. गॅरेथ म्हणाला, "मला यायचंय. पण एकट्याची शर्यत होत नाही, हे मला कळतं," आणि त्याने हात खाली घेतला.

आम्ही सामान गाडीत भरत होतो तेव्हा तो ट्रॅकवर पाणी मारत होता. पुढच्या वेळेसाठी माती ओली ठेवतात, नाहीतर तडे जातात. पुढची वेळ नाही हे त्याला माहीत होतं. बॅरी जरा वेळ बघत उभा राहिला, मग जाऊन त्याने पाइपचं दुसरं टोक धरलं. हॉलमधल्या कार्पेटबद्दल काहीतरी सांगत होता. गॅरेथ मान हलवत नव्हता, पण ऐकत होता.

परतीच्या वाटेवर अरविंदनी मोजे काढून हीटर पायांवर लावला आणि एम फिफ्टी संपेपर्यंत गाढ झोपले. गाडी मी चालवली. सोमवारी एजंटला हो कळवलं. मुक्ता फोनवर रडली, मग पडद्यांचे रंग विचारायला लागली. पँट धुतली. डाग पूर्ण गेला नाही. या वेळी मी पुन्हा घासला नाही.

तुम्ही तिकडे गेलात तर नदी बघा, सायडर चाखा. ट्रॅक शोधू नका; तिथे आता झाडं लागतील. त्या गोल वाटेबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला दुःख म्हणणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि टपरीत जवळजवळ सगळ्यांनाच वाटलं. फक्त गॅरेथचा हात आठवला की माझं तोंड जरा बंद होतं, जे सहसा होत नाही.

पुढच्या रविवारी पहाटे मला जाग आली. शर्यतीचा दिवस असता तर अरविंद याच वेळी उठून अंधारात मोजे शोधत असते. मी हालचाल न करता पडून राहिले. म्हटलं, इतक्या वर्षांनी बिचाऱ्यांना रविवारची झोप मिळतेय. बाहेर उजाडलं. पाठ अवघडली. तरी मी कूस बदलली नाही.

मग शेजारून एक अगदी हळू, दाबलेला खोकला आला.

"अहो," मी म्हणाले, "जागे आहात का?"

"कधीचा. मला वाटलं, तू झोपली आहेस."

"चहा टाका," मी म्हणाले.