नऊ हजार फुटांवरचा फराळ

गेलं वर्षभर मला एक प्रश्न छळत होता आणि तो मी महादेवाशिवाय कोणाला विचारला नव्हता: माझी मुलगी माझ्यापासून दूर चालली आहे का? विशीतल्या मुली दूर जातातच, हे मला कळतं. मी स्वतः त्या वयात नागपूर सोडून पुण्याला गेले आणि आईला फोन करायचे ते बहुधा लोणचं संपलं की. पण सईचं जाणं वेगळं वाटत होतं. फोन वेळेवर यायचा, बोलणं गोड असायचं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात यायचं की तिने आपल्याला काहीच सांगितलेलं नाही.

सई तिच्या कॉलेजच्या क्रॉस-कंट्री टीममध्ये पळते. डोंगरउतारावरून, गवतातून, चिखलातून मैलोन्‌मैल. आमच्या घराण्यात पळण्याची परंपरा नाही. मी शेवटची पळाले ती शिकागोला, पुढचं विमान गाठायला, आणि ते चुकलंच. त्यामुळे मागच्या मोसमात सईच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला आणि तिचं पळणं थांबलं, तेव्हा मी जे मला येतं ते केलं. रोज फोन करून विचारलं, "दूध पितेस ना? हळद घालून?" ती म्हणायची, "आय ॲम फाइन, आई." ती फाइन नव्हती. खोलीत रडत बसायची. हे मला फार नंतर कळलं. टीममधल्या काही मुलींना मात्र ते तेव्हाच माहीत होतं, कारण त्या आठवड्यातून एकदा गोल करून प्रार्थनेला बसत आणि सई त्यांच्यात जाऊन बसू लागली होती.

उन्हाळ्यात तिने जाहीर केलं की हाड जुळलं आहे आणि ती त्या मुलींबरोबर कोलोरॅडोच्या डोंगरात कॅम्पला जाणार. कॉलेजात लांब पल्ल्याचं पळणाऱ्या मुलामुलींचा ख्रिश्चन कॅम्प. सकाळी बायबल, मग विरळ हवेत पळणं, संध्याकाळी गिटारवर भजनं. मी लगेच घरात विषय काढला. माझा नवरा अनिरुद्ध म्हणाला, "पळायलाच चाललीय ना? पळू दे." दिवसभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा हा माणूस घरात मात्र कधी ब्रेक लावत नाही. तेवढ्यात समजलं की कॅम्पला स्वयंपाकघरात मदतीसाठी पालक हवे आहेत. मी ताबडतोब नाव दिलं.

सई म्हणाली, "आई, आर यू सिरियस? तू स्पाय करायला येतेयस."

"छे गं. मला डोंगर आवडतात," मी म्हटलं. आमच्या या नोव्हाय गावात राहायला येऊन सतरा वर्षं झाली. घरामागच्या टेकाडावरसुद्धा मी चढलेली नाही, हे तिला ठाऊक होतं.

कॅम्प नऊ हजार फुटांवर होता. पहिल्याच दिवशी कोचनी सगळ्यांना बसवून बजावलं की इथे हवा विरळ आहे, तहान नसली तरी पाणी प्या, भूक नसली तरी खा. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पळणाऱ्यांसाठी आहे हे. भाजी चिरणाऱ्यांना काय होतंय! स्वयंपाकघराची सूत्रं डोना नावाच्या बाईंकडे होती. उंचनिंच, मोकळ्या हसण्याच्या. त्यांनी मला एप्रन दिला आणि तासाभरात मला हनी म्हणायला लागल्या. माणसं वाईट निघतील अशी तयारी करून मी गेले होते, त्यामुळे माझी पंचाईतच झाली.

रात्रीच्या जेवणाआधी सगळे हात धरून माना खाली घालत. मी पातेल्याआडून सईकडे बघायची. तिचीही मान खाली असे, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा एक सैलपणा की तो मी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या सैलपणाचा राग आला. हा आपल्या घरी का नाही दिसत?

तिसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार होता. श्रावणी सोमवार मी लग्नापासून करते. दिवसभर फराळ, संध्याकाळी उपास सोडायचा. आमच्याकडे निर्जळी करायची पद्धत नाही, माझ्या आईने कधी केली नाही, सासूबाईंनीही नाही. पण त्या पहाटे मी महादेवाला सांगून टाकलं: आज पाण्याचा थेंब घेणार नाही, पण माझी मुलगी माझीच राहू दे. हे सांगताना मला फार उदात्त वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्या दिवशी मुलींची लांब पल्ल्याची दौड होती. दुखण्यानंतर सई पहिल्यांदाच एवढं अंतर पळणार होती. वर्षभर ती त्याच सकाळची वाट पाहत होती. जंगलातून वर जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर डोना आणि मी पाण्याची टेबलं मांडायला गेलो. निघताना मी डोनांकडे मूठभर कच्चे तांदूळ मागितले. पहिल्या सोमवारी महादेवाला तांदळाची शिवामूठ वाहतात.

"कच्चे?" डोनांनी विचारलं.

"कच्चेच. माझ्या देवासाठी."

त्यांनी पोत्यातून ओंजळभर काढून दिले. "त्याला शिजवलेले हवे असतील तर सांग, मी टाकते," त्या म्हणाल्या.

टेबलं मांडून झाल्यावर मी म्हटलं, जरा वर जाऊन येते. दोन हेतू होते. एक, पिंडीसारखा दिसणारा दगड शोधून मूठ वाहायची. दुसरा, वरच्या वळणावरून सई पळत येताना दिसेल आणि ती कोणाबरोबर हसतेय ते कळेल. देवपूजा आणि पाळत एकाच खेपेत.

दगड लवकर सापडला. गोल, काळसर, पायथ्याशी शेवाळ. मी तांदूळ वाहिले, "शिवा शिवा महादेवा" पुटपुटले, आणि उठायला गेले तर झाडं फिरली. आधी वाटलं, वाकल्यामुळे असेल. मग डोकं असं ठणकायला लागलं की कोणीतरी आतून खलबत्ता कुटतंय. जीभ टाळ्याला चिकटली होती. रस्त्याकडेला पडलेल्या ओंडक्यावर बसले, पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पाय म्हणाले, तू जा, आम्ही येत नाही. फोनला रेंज नव्हती. हाक मारायला घशात ओल नव्हती. समोर उंच झाडं, त्यांच्यावर निळंशार आकाश, आणि मी पन्नाशीची बाई एप्रन घालून एकटी.

तेव्हा माझी प्रार्थना बदलली. मुलीबद्दलचं सगळं मागणं गळून पडलं. मी एवढंच म्हटलं, "महादेवा, मला काही कळत नाही. तूच बघ." आयुष्यात इतकी छोटी प्रार्थना मी कधी केली नव्हती. एरवी मी देवालासुद्धा सविस्तर सूचना देते.

पुढचं जसं घडलं तसं सांगते. वरच्या बाजूने एक बाई पळत आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, गुडघ्यापर्यंत राखाडी धुळीने माखलेल्या. पांढऱ्या केसांच्या जटा झाल्या होत्या आणि त्या डोक्यावर बांधल्या होत्या. मला पाहून त्या थांबल्या, समोर उकिडव्या बसल्या, माझं मनगट धरलं.

"काही खाल्लंयस?"

"उपास आहे," मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं.

"आणि पाणी?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. त्यांनी कमरेचा पट्टा सोडून त्यातून एक पिशवी काढली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे एवढंच आहे. ते पळणाऱ्यांचं चिकट जेल मला पचत नाही."

पिशवीत होते उकडलेले छोटे बटाटे, मीठ लावलेले. मीठ गुलाबी होतं. सैंधव. बटाट्यांबरोबर थोडे शेंगदाणे आणि दोन खजूर. मी त्या पिशवीकडे बघत राहिले. नऊ हजार फुटांवर, ख्रिश्चन कॅम्पच्या रस्त्यावर, माझ्या आईने सोवळ्यात मांडावा तसा फराळ. एक पदार्थ चुकलेला नव्हता. माझ्या सासूबाईसुद्धा यात खोट काढू शकल्या नसत्या, आणि त्यांचा या बाबतीत मोठा लौकिक होता.

निर्जळीचा हट्ट माझा होता. महादेवाने तो कधी मागितलाच नव्हता. त्या बाईंनी मूठभर माझ्या हातात ठेवलं आणि मला मी दगडाला वाहिलेल्या तांदळांची आठवण झाली. मी रडायला लागले आणि रडता रडता बटाटा खाल्ला. त्यांच्या बाटलीतलं पाणी घोटघोट प्यायले. खारट बटाट्याची ती चव मला अजून जिभेवर आणता येते. थोड्या वेळाने खालून मुलींचे आवाज ऐकू आले. "तुझी माणसं आली," त्या बाई म्हणाल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आणि खालच्या वळणाकडे निघून गेल्या.

मुलींच्या घोळक्यात सई पुढे होती. तिची ती पळण्याची लय मी प्रथमच इतक्या जवळून पाहिली आणि पाहताक्षणी मोडलीही, कारण तिने मला पाहिलं. "आई! व्हॉट हॅपन्ड?" ती धावत येऊन गुडघ्यांवर बसली. बाकीच्याही थांबल्या. एकीने मला खाली आडवं केलं आणि माझे पाय उचलून ओंडक्यावर ठेवले. मग काही न ठरवता त्यांनी माझ्याभोवती गोल केला आणि एकेक जण आपापल्या शब्दांत, इंग्रजीत, माझ्यासाठी प्रार्थना करू लागली. मी लाजेने अर्धी झाले. ज्या गोलाला मी वर्षभर घाबरत होते, त्याच्या बरोबर मध्ये मी आडवी पडले होते. सगळ्यात शेवटी सईची पाळी आली. तिचा हात माझ्या कपाळावर होता. ती मराठीत म्हणाली, "देवा, माझ्या आईला सांभाळ. ती थोडी वेडी आहे."

बाकी मुलींनी "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं.

सईने त्यांना पुढे पाठवलं आणि मला धरून खाली न्यायला लागली. मी म्हटलं, "अगं, तुझी रन. वर्षभर थांबली होतीस."

"रन उद्या पण असते. तू चाल. हळू."

चालता चालता मी सगळं सांगून टाकलं: निर्जळी, नवस, पातेल्याआडची पाळत. तिने ऐकून घेतलं. "यू कुड हॅव जस्ट आस्क्ड मी, आई."

"मग आता विचारते. तू धर्म बदलणार आहेस का?"

"मला हे इथे कोणी विचारलं नाही. फक्त तूच विचारतेयस." मग म्हणाली, "इथे सगळे मोठ्याने सांगतात की आय ॲम स्केअर्ड. आपल्या घरी कोणी सांगत नाही. आपल्या घरी फक्त 'होईल सगळं नीट' म्हणतात. आणि दूध."

आणखी दहा पावलं चालून मी म्हटलं, "मी घाबरले होते. तू जाशील म्हणून."

"आय नो," ती म्हणाली. "मी पण घाबरले होते. पुन्हा पळता येणार नाही म्हणून." आणि मग पाण्याच्या टेबलापर्यंत ती बोलतच राहिली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, वर्षभराचं सगळं. डोनांनी आम्हाला पाहिलं, माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पुढचे दोन दिवस मला कांदासुद्धा चिरू दिला नाही.

वाटेत मी सईला त्या बाईंबद्दल विचारलं होतं. मुलींना खालून येताना कोणीच भेटलं नव्हतं. घरी आल्यावर अनिरुद्धने नकाशा उघडून दाखवलं की त्या वळणावरून एक पायवाट फुटते, बाई तिकडे वळल्या असणार. असतीलही. त्या भागात तशा केसांच्या, तशा पळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, असं डोनाही म्हणाल्या. सई म्हणते, "आई, शी वॉज जस्ट अ रनर." मी कोणाशी वाद घालत नाही. महादेव पायवाटेनेही जात असेल. ती रिकामी पिशवी, तळाशी चिमूटभर गुलाबी मिठासकट, माझ्या देवघरात आहे, आणि अनिरुद्ध तिला शंखाशेजारी बघून काही बोलत नाही. ब्रेक न लावण्याचे असे फायदेही आहेत.

सई त्या बुधवारच्या की गुरुवारच्या गोलात अजून बसते. दिवाळीला घरी आली की आमच्या देवापुढेही बसते. पुढे काय ठरवेल ते ती ठरवेल. मी नवस करून तिला बांधायला निघाले होते. त्याऐवजी मला खाऊ घालून खाली पाठवण्यात आलं, तिच्याच खांद्यावर हात ठेवून. मागितलं त्याहून जास्त मिळालं, आणि ते मिळण्यात माझी कर्तबगारी म्हणाल तर चक्कर येऊन पडणं, एवढीच.

या मोसमाची तिची पहिली शर्यत होती त्या सकाळी फोन आला. "आई, आय ॲम सो स्केअर्ड."

माझ्या तोंडाशी "होईल सगळं नीट" आलं होतं. मी ते गिळलं. "मी पण," मी म्हटलं. "सांग, काय वाटतंय?"

तिने सांगितलं. मी ऐकलं. शेवटी म्हणाली, "प्रार्थना कर. पण उपास नको करू हं. प्लीज जेव."

फोन ठेवून मी देवापुढे उभी राहिले, हात जोडले, आणि सवयीने सूचना द्यायला तोंड उघडलं. समोर ती पिशवी होती. मी तोंड मिटलं, नमस्कार केला, आणि स्वयंपाकघरात जाऊन बटाटे उकडायला ठेवले.