सातवी पसंती

किलकॅशल गावात डिम्प्ना गिलहूलीबद्दल कोणी वाईट बोलत नसे, आणि तिला कोणी रविवारी जेवायलाही बोलवत नसे. एकोणचाळीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि चुकीचं उत्तर कानावर आलं की ते कुणाचं आहे हे न बघता दुरुस्त केलं. एकदा पाद्रीबाबांनी प्रवचनात टक्केवारी चुकवली, तर ही तिसऱ्या बाकावरून उठून उभी राहिली. अशा माणसाला लोक मान देतात आणि चार हात लांब ठेवतात.

निवडणूक आली की मात्र तिच्यावाचून पक्षाचं पान हलत नसे. मोजणीच्या सकाळी हॉलच्या कठड्याला पोट टेकवून ती उभी राहायची. पलीकडे कारकून मतपत्रिका उलगडायचे, आणि ही उलट्या बाजूने आकडे वाचत कागदावर रेघा ओढायची. असे रेघा ओढणारे आमच्याकडे प्रत्येक पक्षात असतात, पण दुपारच्या चहाबरोबर हॅमचं सँडविच खाता खाता शेवटची जागा कुणाची ते सांगून टाकणारी एकटी डिम्प्ना. सरकारी माणसं त्याच उत्तराला दोन दिवसांनी पोचायची.

आमच्याकडे मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत, आकडे घालतात. पहिल्या पसंतीला एक, मग दोन, मग तीन. तुमचा एक नंबरचा माणूस बाद झाला की तुमची पत्रिका दोन नंबरच्या गठ्ठ्यात जाते. तो आधीच निवडून आला असेल तर त्याला ओलांडून पुढच्याकडे. डिम्प्ना गावभर एकच गोष्ट सांगत फिरायची: “मध्येच थांबू नका. अर्ध्यात थांबलेलं मत वाटेतच मरतं. खालपर्यंत आकडे घाला. शेवटची चौकट तेवढी सोडा, तो आकडा कधी कुणाच्या उपयोगी पडत नाही, नुसती पेन्सिल झिजते.”

तीस वर्षं तिने अशी दुसऱ्यांची मतं मोजली. मग जुने नगरसेवक फेलिम म्हातारपणामुळे बाजूला झाले, आणि डिम्प्नाला वाटलं, आता आपण. वाटण्यात काही चूक नव्हती. पण उमेदवार ठरवायच्या सभेत आणखी दोन नावं आली. एक मॅलकी, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, ज्याला सभेत बोलताना घाम फुटायचा. दुसरी अट्रॅक्टा, डिम्प्नाच्या धाकट्या भावाची, कॅहलची बायको.

अट्रॅक्टा एके काळी डिम्प्नाच्याच वर्गात होती. अपूर्णांकांपाशी जी अडकली ती तिथेच राहिली. आता तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि कुणाच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन कधी झालं, कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून परत येणार, सगळं तिला पाठ. गावातल्या प्रत्येक मयताला ती जायची. पुढारीही जातात, पण ते मतांसाठी जातात. ही जायची कारण हिला खरोखर रडू यायचं, आणि डिम्प्नाला सगळ्यांत जास्त खुपायचं ते हेच. ढोंग असतं तर माफ करता आलं असतं.

सभेत एक्क्याऐंशी मतं पडली. पहिल्या पसंतीची तेहेतीस डिम्प्नाला, सत्तावीस अट्रॅक्टाला, एकवीस मॅलकीला. डिम्प्ना पहिली. पण अर्ध्यावर कोणीच नाही, म्हणून मॅलकी बाद झाला आणि त्याच्या एकवीस पत्रिकांवरचा दुसरा आकडा बघितला. सतरा अट्रॅक्टाकडे गेल्या, चार डिम्प्नाकडे. चव्वेचाळीस विरुद्ध सदतीस. टाळ्या वाजल्या. अट्रॅक्टाने सगळ्यांत आधी धावत येऊन नणंदेच्याच गळ्यात हात टाकले, आणि तिच्या केसांना येणारा शाम्पूचा वास डिम्प्नाला तीन दिवस जाईना.

डिम्प्ना त्या पत्रिका घरी घेऊन गेली. पक्षाची कागदपत्रं तिच्याकडेच असायची. दोष आपला नाही, पद्धतीचा आहे, हे तिला सिद्ध करायचं होतं. जगात विजेता ठरवायच्या पद्धती काही कमी नाहीत, आणि पद्धत बदलली की त्याच कागदांतून वेगळा विजेता निघू शकतो हे ती मुलींना फळ्यावर दाखवत आली होती. नुसती पहिली पसंती मोजली तर ती स्वतः जिंकत होती. मग गुणांची पद्धत लावली, पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक. अट्रॅक्टा पंच्याण्णव, डिम्प्ना सत्त्याहत्तर. मग एकास एक कुस्ती लावली. अट्रॅक्टाने मॅलकीला लोळवलं, डिम्प्नाला लोळवलं. आणि राहता राहिली डिम्प्ना आणि मॅलकीची जोडी. एक्केचाळीस विरुद्ध चाळीस. मॅलकी जिंकला.

तिने ते तीनदा मोजलं. ज्याला दोन वाक्यं नीट बोलता येत नाहीत, त्या मॅलकीपुढेही गाव तिला हरवत होतं. तिला हवं म्हणणारे तेहेतीस होते, आणि बाकी जवळजवळ सगळ्यांना ती सोडून कोणीही चाललं असतं. अट्रॅक्टाचं उलट. ती पहिली फार जणांची नव्हती, पण दुसरी सगळ्यांची होती. डिम्प्नाने वही मिटली. मनात म्हणाली, अपूर्णांक येत नाहीत त्या बाईला, आणि सगळं गणित तिच्या बाजूने.

पुढच्या आठवड्यात कॅहल टोपी हातात धरून आला.

“डिम्प्ना, अगं, मोजणीला अट्रॅक्टाची प्रतिनिधी म्हणून तू उभी राहशील ना?”

“दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं?”

“तुझ्यासारखं कोण मिळणार? ती म्हणते, डिम्प्ना कठड्याशी असेल तर मला भीती नाही.”

“म्हणणारच,” डिम्प्ना म्हणाली. “बरं, येईन.” बहिणीच्या मायेने नव्हे. अट्रॅक्टा पडताना तिला जवळून बघायचं होतं.

जूनमध्ये मतदान झालं. चार जागा, आठ उमेदवार. डिम्प्ना पडद्याआड गेली आणि पेन्सिल हातात घेऊन पाच मिनिटं उभी राहिली. पक्षाला मत म्हणजे अट्रॅक्टाला मत, ते तर होणे नाही. एक हा आकडा तिने पवनचक्क्यांना विरोध करणाऱ्या इसमाला दिला, ज्याला त्याची सख्खी बायकोही मत देत नव्हती. दोन आणि तीन अशाच दोन पडेल उमेदवारांना. चार, पाच, सहा त्या तिघांना, जे निवडून येणार हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. पडेल लोक बाद झाले की पत्रिका या तिघांपैकी एकाकडे जाऊन बसेल, असा तिचा हिशेब. उरले दोघे, अट्रॅक्टा आणि फेस्टस रुएन. फेस्टस दुसऱ्या पक्षाचा, वीस वर्षांचा मुरलेला, आणि डिम्प्नाच्या वडिलांना भर बाजारात खोटारडा म्हणालेला. त्याची चौकट रिकामी राहणार हे ठरलेलंच. अट्रॅक्टापुढे तिने सात लिहिला. दोन्ही रिकाम्या सोडता आल्या असत्या, पण मग ते अर्ध्यात थांबलेलं मत झालं असतं. शिवाय तीस वर्षांत तिने कुणाचीही पत्रिका सातव्या आकड्यापर्यंत गेलेली बघितली नव्हती. सात म्हणजे शिवीच, फक्त सभ्य.

मोजणी शनिवारी सुरू झाली. वैध मतं सात हजार चारशे अठ्ठ्याण्णव, निवडून यायला पंधराशे लागणार. डिम्प्नाने रेघा ओढल्या आणि दुपारी तिच्या कपाळावर आठी आली. ते तिघे दिग्गज फारच लवकर पंधराशेच्या पार गेले. पहिल्या फेरीत दोघे, दुसरीत तिसरा. आता बाद होणाऱ्यांच्या पत्रिका त्यांना ओलांडून पुढे जाऊ लागल्या, आणि एका जागेसाठी फेस्टस आणि अट्रॅक्टा उरले. पहिल्या पसंतीत फेस्टसला एक हजार बारा, अट्रॅक्टाला आठशे एकसष्ट. पण प्रत्येक बाद उमेदवाराच्या गठ्ठ्यातून अट्रॅक्टाकडे कागद सरकत राहिले. पवनचक्कीवाल्याचे, शेतकरी संघाच्या बाईचे, अगदी फेस्टसच्या गल्लीतले. डिम्प्ना रेघा ओढत राहिली. रविवारी शेवटचा आकडा आला. अट्रॅक्टा बाराशे सत्त्याऐंशी, फेस्टस बाराशे शहाऐंशी. एका मताचा फरक. पंधराशेपर्यंत दोघांतलं कोणीच पोचलं नव्हतं, पण शेवटच्या जागेला दोघेच उरले की जो पुढे, जागा त्याची.

फेस्टसच्या वकिलाने लगेच फेरमोजणी मागितली. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्याने एका पत्रिकेवर बोट ठेवलं.

“ही बाद करा. हिच्यावर दोन वेळा एक लिहिलाय.”

निवडणूक अधिकारी टार्पीसाहेबांनी चश्मा वर करून कागद टेबलाच्या मध्ये ठेवला. डिम्प्ना वाकली. ती तिचीच पत्रिका होती. आमच्याकडचा सात म्हणजे तिरपी काठी आणि डोक्यावर आडवी टोपी. टोपी आखूड राहिली की तो एकच दिसतो. अट्रॅक्टापुढचा तिचा सात घाईचा होता, आणि टोपी जेमतेम तांदळाएवढी.

“तुमचं काय म्हणणं, मिस गिलहूली?” टार्पीसाहेबांनी विचारलं. “हा एक असेल तर पत्रिका रद्द. मग दोघांना सारखी मतं. आणि सारखी झाली की पहिल्या पसंतीत जो मागे, तो बाद. म्हणजे तुमच्या उमेदवार.”

हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं असतं तरी अट्रॅक्टा घरी जाऊन पुन्हा केस कापत बसली असती. कठड्यापलीकडे ती कॅहलचा दंड धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. डिम्प्नाला तो चेहरा बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली नाही.

“बोलण्यासारखं काही नाहीच ना,” वकील हसून म्हणाला. “ज्याला धड सातपर्यंत आकडे काढता येत नाहीत, त्याचं मत मोजायचं कशाला? शाळेत गेलेला दिसत नाही बिचारा.”

डिम्प्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुझ्या आईला मी बेरीज शिकवली आहे,” ती म्हणाली, “तेव्हा जरा जपून बोल. टार्पीसाहेब, वरचा एक बघा. नुसती उभी काठी आहे, डोक्यावर काही नाही. ह्याच्या डोक्यावर आहे, लहान असेल, पण आहे. दोन ते सहा क्रमाने लिहिलेत, एकही चुकलेला नाही. आणि शेवटची चौकट रिकामी. ती विसरून राहिलेली नाही, मुद्दाम सोडली आहे, कारण तिथे आकडा घालून काही फरक पडत नाही. इतकं ज्याला कळतं, तो सहानंतर पुन्हा एक लिहील? हा सात आहे. मी पैजेवर सांगते.”

टार्पीसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला, नाकाजवळ नेला, लांब नेला.

“सात,” ते म्हणाले. “वैध.”

मग टाळ्या, शिट्ट्या, कॅहलचं रडणं, आणि अट्रॅक्टाला खांद्यावर उचलून घ्यायला पुढे आलेला मॅलकी, घामाघूम. डिम्प्ना आपले कागद गोळा करत राहिली. तोंडातून निघून गेलं होतं, आणि आता परत घेता येत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर अट्रॅक्टा चहाच्या टेबलापाशी आली. दोन कप भरले, एक तिच्यापुढे सरकवला.

“सातवी, डिम्प्ना?”

डिम्प्नाने चमचा घेऊन चहा ढवळायला सुरुवात केली.

“मी चार वर्षं तुझ्या वर्गात बसले. उत्तरं नाही आली मला कधी, पण तुझा सात येतो ओळखता. आणि शेवटची चौकट रिकामी सोडणारी गावात दुसरी कोण आहे?” अट्रॅक्टा हसत होती, पण डोळे भरलेले होते. “त्या पवनचक्कीवाल्याच्या खाली टाकलंस ना मला?”

“फेस्टसच्या वर,” डिम्प्ना म्हणाली.

“उपकार झाले बाई.” तिने चहाचा घोट घेतला. “कॅहलला नाही सांगणार. सातवी तर सातवी. शेवटी आली की माझ्याकडेच.”

आणि ते खरंच होतं. तीन पडेल माणसांकडे पाठवलं, तीन दिग्गजांकडे पाठवलं, सगळे दरवाजे दाखवले, तरी ते मत चालत चालत हिच्याच दारात जाऊन बसलं होतं. गावातले सगळे शेवटी हिच्याकडे येत होते, आणि आता त्या सगळ्यांत ती स्वतःही होती.

“तेच तर मला सहन होत नाही, अट्रॅक्टा,” डिम्प्ना म्हणाली.

“ठाऊक आहे मला,” अट्रॅक्टा म्हणाली. “शाळेपासून ठाऊक आहे. चहा पी, निवतोय.”