काचांबरोबर पडलेला माणूस

आमचे हे, रघुराम, मार खाऊन पोट भरतात. खोटं नाही सांगत! चेन्नईत वडपळनीकडच्या स्टुडिओंत स्टंटमन आहेत. हीरो नाक फोडतो, व्हिलन जिन्यावरून ढकलतो, आणि तो काळानिळा देह संध्याकाळी माझ्या वाट्याला येतो. मी तेल चोळते आणि शिव्या घालते. आमची तंजावरी मराठी शिव्यांना फार सोयीची.

मी शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे सिनेमातलं पडणं मला बघवत नाही. माणूस दोरावर लोंबकळत सावकाश खाली येतो. मी म्हणते, "गुरुत्वाकर्षण रजेवर गेलं वाटतं!" आमची लेक हरिणी खो खो हसते. हेही हसायचे.

मागे एका उडीत खांदा मोडला तेव्हा यांनी हरिणीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, दोराशिवाय उडी मारणार नाही म्हणून.

परवा यांचा नवा सिनेमा बघायला गेलो. हीरोनं यांच्या तोंडावर लोखंडी पाइप हाणला, रक्त उडालं, मग काच फोडून तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकलं. धाडकन लॉरीवर! थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मी काचा बघत होते. दोरानं आवरलेला माणूस मागे राहतो, काचा पुढे जातात. हे काचांबरोबरच खाली आले होते. आयुष्यात पहिल्यांदा सिनेमातलं पडणं बरोबर निघालं, आणि ते माझ्या नवऱ्याचं.

घरी येताच मी यांची कॉलर धरली. "दोर कुठे होता?"

"होता की."

"काचा तुमच्याबरोबर पडल्या! मला शिकवता? तरीच या शूटिंगच्या वेळी बरगड्या मोडून आलात, स्कूटर घसरली म्हणत!"

कानाखाली एक लगावली. लेकीची शपथ मोडली म्हणून दुसरी. हरिणी "अम्मा, नको!" म्हणून रडायला लागली. मार चुकवणं यांना झोपेतही जमतं, तरी एकही चुकवला नाही.

"मेला तो फाइट मास्टर! त्यालाच उद्या खिडकीतून फेकते!"

"मास्टर दोर बांध म्हणत होते," हे गाल चोळत म्हणाले. "मीच नको म्हटलं."

"का? जीव नकोसा झाला होता?"

"दरवेळी तू हसतेस गं, कमलिनी. पोरगीही हसते."

माझा उगारलेला हात तसाच राहिला.

"या वेळी नाही हसलीस ना?" त्यांनी विचारलं.