मागची डावी सीट

प्रत्येक संस्कृतीचं सार तिच्या मोटारगाडीत उतरलेलं असतं. हा विचार माझ्या भाच्याचा. टेक्सासमधल्या कुठल्याशा दुकानाच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत बसून नाश्ता करता करता त्याने तो व्हिडिओ कॉलवर मांडला आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याच्या शर्टावर सॉस सांडला. इकडे भोपाळच्या सोनागिरीत माझी ताई, भाऊजी आणि मी एका मोबाइलसमोर फोटोला बसल्यासारखे ओळीने बसलो होतो. पडद्याच्या दुसऱ्या चौकोनात जर्मनीहून भाची होती. ती म्हणाली, "दादा, आधी संस्कृती पुसून घे."

दर रविवारी संध्याकाळी हे चालायचं. विषय एकच, बाबांना, म्हणजे भाऊजींना, कोणती गाडी घ्यायची.

गाडीची गरज का पडली, ते सांगायला हवं. भाऊजी राज्य सरकारात उपसचिव होते. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आले आणि मुलगा त्याच कचेऱ्यांतून चढत चढत चार इमलीच्या, म्हणजे साहेबांच्या वस्तीतल्या, बंगल्यापर्यंत पोचला. बंगल्याबरोबर पांढरी गाडी होती, गाडीबरोबर ड्रायव्हर होता आणि मागच्या सीटवर पांढरा टॉवेल होता. भाऊजी मागे डावीकडे बसत. दार ड्रायव्हर उघडे. निवृत्तीनंतर बंगला, गाडी आणि ड्रायव्हर सरकारकडे परत गेले. टॉवेल घरचा होता, तो तेवढा राहिला.

सोनागिरीच्या घरात आल्यावर भाऊजींनी बाहेर जाणं बंद केलं. एकदा ऑटोने निघाले होते. पुढच्या चौकात ऑटोवाल्याने त्यांच्या शेजारी एक बाई आणि तिच्या मांडीवर कोंबडीचं पिल्लू बसवलं. भाऊजी तिथेच उतरून चालत परत आले. मोबाइलवरून गाडी मागवून पाहिली, तर ड्रायव्हरने ओटीपी विचारला. "मलाच नंबर विचारतो," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मराठी मंडळातला कार्यक्रम असो, जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न असो, त्यांचं उत्तर "बघू" हे असायचं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसायचे ते जेवायलाच आत यायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं. आजार काही नव्हता. पण माणूस महिन्यामहिन्याने कमी होत चालला होता. बोलणं कमी, खाणं कमी. ताईला त्याची भीती वाटायला लागली होती. मला ती एकदा म्हणाली, "हे असेच खुर्चीत संपतील." ताई अशी वाक्यं सहज बोलणारी नाही.

मुलांना तिने सांगितलं, ते मुलांनी आपापल्या देशाच्या पद्धतीने ऐकलं. बाबा बाहेर पडत नाहीत, म्हणजे बाबांना चांगली गाडी हवी.

मग वाद सुरू झाला. भाच्याचं म्हणणं, अमेरिकेत माणसाचं निम्मं आयुष्य गाडीत जातं, म्हणून गाडी दिवाणखान्यासारखी हवी. उंच, रुंद, मऊ. खड्डा लागला तर तो बातमीतून कळावा. सीट उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम व्हावी, पडदा टीव्हीएवढा असावा आणि पेले ठेवायच्या खाचा बसणाऱ्या माणसांपेक्षा जास्त असाव्यात. शिवाय तिकडे बरेच लोक गाडी विकत घेतच नाहीत, दोन-तीन वर्षं हप्त्याने वापरतात, परत करतात आणि नवी आणतात.

"म्हणजे बदली," भाऊजी म्हणाले.

भाचीला हे सगळं बालिश वाटत होतं. युरोपात गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, पेट्रोलचा भाव ऐकून माणूस चालायला लागतो. तिथे महागडी गाडीसुद्धा बुटकी आणि लांबट असते, मागे सामानाला नीट जागा असते आणि सीट कडक असते, कारण गाडी झोपण्यासाठी नसते. रस्ता हाताला कळला पाहिजे, असं ती म्हणाली. आणि खरा पैसेवाला माणूस गाडीच्या मागचा मॉडेलचा आकडा मुद्दाम काढून मागतो. कोणतं इंजिन आहे ते शेजाऱ्याला समजू नये म्हणून.

"एवढे पैसे घालायचे आणि लपवायचे?" भाच्याने विचारलं.

"तुम्ही लोक सांगत फिरता ना, तेवढं पुरे आहे जगाला."

तुम्ही लोक आणि आम्ही लोक असं बोलणारी ही दोघं चार इमलीच्या एकाच अंगणात, एकाच सायकलवरून, एकाच दिवशी पडली होती. टाके मी घालून आणले होते. ते आठवून मला थकवा आला. मलाच न्यायाधीश नेमलं होतं, मामा इंजिनिअर आहे म्हणून. मी शेजारच्या कारखान्यात आयुष्यभर टर्बाइन केली. टर्बाइन एकदा पायावर बसवलं की जागचं हलत नाही. त्याला खड्डे लागत नाहीत आणि त्याच्यात कोणी पेला ठेवत नाही. हे मी दर रविवारी सांगायचो आणि दर रविवारी दोघंही आपलंच बरोबर ठरलं असं समजायची.

त्यातच भाची म्हणाली की तिच्याकडच्या मोठ्या गाड्यांपैकी खूपशा माणसांच्या नसतातच, कंपनीने साहेबाला दिलेल्या असतात. नोकरी संपली की गाडी परत. भाऊजी खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे सरकारी गाडी," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत त्यांच्या आवाजात एवढा जीव आला नव्हता. जर्मनी हा समजूतदार देश आहे, असं त्यांनी नंतर जेवताना दोनदा सांगितलं. ताईने हे भाचीला कळवलं नाही. नाहीतर भाचा हरला असता आणि पुढचे दोन रविवार फुकट गेले असते.

शेवटी मुलांमध्ये तह झाला. गाडी निघाली ती अशी, की नाव जर्मन, उंची अमेरिकन आणि जोडणी महाराष्ट्रातली. बाबांना आवडते का, तेवढं पाहायला आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या मुलीने मोठ्या अदबीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "सर, एक बार चलाकर देखिए." भाऊजी तिला वळसा घालून मागच्या डाव्या दारापाशी गेले आणि उभे राहिले. ती गोंधळली. मग मी दार उघडलं. भाऊजी आत बसले. त्यांनी समोर पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. ती मुलगी स्टिअरिंगचे गुण एका रिकाम्या सीटला सांगत राहिली.

त्या संध्याकाळी ताईने मुलांना स्वच्छ सांगितलं, "अरे, तुमच्या बाबांनी जन्मात गाडी चालवलेली नाही." दोघांनी वडिलांच्या हातात स्टिअरिंग कधीच पाहिलं नव्हतं, आणि इतके महिने ती दोघं चालवणाऱ्याला काय आवडतं यावर भांडत होती. परदेशात राहून त्यांना एवढंच झालं होतं, की गाडी म्हणजे पुढची, चालवणाऱ्याची उजवी सीट. तिथे तर तीही डावीकडे असते. भाचाच आधी सावरला. म्हणाला, हल्ली गाडीच सगळं करते, पार्कसुद्धा स्वतःच होते, बाबांनी फक्त बसायचं.

"बसायचंच आहे," भाऊजी म्हणाले, आणि आपलं म्हणणं सर्वांना पटल्यासारखे उठून हात धुवायला गेले.

गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, मागे डावीकडे टॉवेल अंथरला. ड्रायव्हर ठेवला. पहिल्या दिवशी त्याने व्हरांड्यात डोकावून विचारलं, "अंकल, कहाँ चलना है?" चाळीस वर्षं साहब म्हणवून घेतलेल्या माणसाला त्याने अंकल म्हटलं होतं. भाऊजी म्हणाले, कहीं नहीं. दुसऱ्या दिवशीही कहीं नहीं. आठवड्याभरात ड्रायव्हर कंटाळून दुसरीकडे लागला. गाडी कव्हर घालून उभी राहिली आणि भाऊजी तिच्याकडे तोंड करून व्हरांड्यात बसू लागले. आधी ते रस्त्याकडे पाहायचे, आता कव्हरकडे. मुलं दर रविवारी विचारत, गाडी कशी आहे. ताई म्हणे, छान आहे.

मग ताई ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागली. हे तिने मला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं नाही. शाळेत शिकवत होती तेव्हापासून तिने भोपाळभर स्कूटर चालवली होती, त्यामुळे हॉर्न आणि शिव्या यांची नव्याने ओळख करून घ्यायची गरज नव्हती. शिकवणारा तिला "माताजी, ब्रेक" एवढंच म्हणायचा. तिने त्यालाही साइड मिररमध्ये पाहायला शिकवलं असावं.

वर्षाचा गहू आम्ही मार्च-एप्रिलमध्ये भरतो. इथली बहुतेक घरं भरतात. करोंदच्या मंडीजवळ ताईचा ठरलेला व्यापारी आहे. दरवर्षी तो पोती टेम्पोने पाठवतो. त्या वर्षी ताईने टेम्पो नको म्हणून फोन केला, गाडीवरचं कव्हर काढलं आणि व्हरांड्यात येऊन म्हणाली, "गहू बघायला चला. मागच्या वर्षी तुम्हीच नावं ठेवली होती."

"कोण चालवणार?"

"मी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं. ते टॉवेलवर बसले, मी पुढे बसलो. करोंदपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी आरशात पाहिलं तेव्हा त्यांनी मात्र काचेला जवळजवळ नाक लावलं होतं.

गहू त्यांनी पाहिला. तळहातावर घेतला, फुंकला, दोन दाणे चावले आणि गहू खरा शरबती जातीचा आहे का यावर व्यापाऱ्याशी चांगला अर्धा तास वाद घातला. व्यापारी त्यांना साहबही म्हणाला नाही आणि अंकलही नाही. तो त्यांना "अरे भाई" म्हणत होता आणि ते त्याला "सुनो तो" म्हणत होते. मग हमालाने दोन पोती उचलून गाडीपाशी आणली. डिकी उघडली, तर त्यात स्टेपनी आडवी पडलेली. एक पोतं कसंबसं गेलं. दुसऱ्यासाठी हमालाने मागचं डावं दार उघडलं आणि पोतं टॉवेलवर बसवलं.

भाऊजी त्या दारापाशी उभे होते. हमाल गेला. मी मागे उजवीकडे जाऊन बसलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. ताईने गाडी सुरू केली, खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "साहेब, पुढे जागा आहे. नाहीतर पोत्याच्या मांडीवर बसा."

त्यांनी एकदा पोत्याकडे पाहिलं. मग पुढचं दार त्यांनी स्वतः उघडलं. बसल्यावर गाडी वाजू लागली, पट्टा लावा म्हणून. ताईने तो लावून दिला. तरी वाजतच राहिली. ते पोत्यासाठी होतं. मी पोत्याला पट्टा बांधला.

रस्त्यात ताईने कुठलंसं बटण दाबलं आणि भाऊजींची सीट गार झाली. त्यांनी खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर ते सोनागिरीपर्यंत बोलत होते. डावीकडून घे, तो बसवाला थांबणार नाही, हा पूल आम्ही मंजूर केला होता, हा नको म्हणालो होतो तरी झाला. ताई म्हणाली, "गाडी मी चालवतेय ना?" आणि ते म्हणाले, "चालव की." मी पोत्याला धरून बसलो होतो. खूप दमलो होतो आणि मला झोप येत होती.

आता ते रोज बाहेर पडतात. कधी दूध आणायला, कधी मंडळात, कधी नुसते तळ्यापर्यंत. पुढे बसतात. मागे अजून टॉवेल असतो आणि त्याच्या घड्यांत गव्हाचे दाणे सापडतात.

गहू आणल्यानंतरच्या रविवारी मुलांचा फोन आला तेव्हा भाऊजी चपला घालत होते. दोघांनी एकदमच विचारलं. भाच्याला ऐकायचं होतं की बसायला कशी वाटते, भाचीला ऐकायचं होतं की रस्त्यावर कशी धरून चालते. ताई बाहेर गाडीत वाट पाहत होती. भाऊजींनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि जाता जाता म्हणाले, "सांग त्यांना. डिकीत एकच पोतं बसतं."